धोक्याचा देश कीं धोक्याची जागा ?

आमच्या परिचयाचें एक कुटुंब पुण्यास राहतें. दोघे बंधु, त्यांच्या पत्नी, तीन मुलगे, दोन सुना आणि या सर्वांच्या वर नव्वदीस टेकलेल्या आजीबाई, असा हा संसार अद्याप एका छपराखालीं नांदत आहे. गेल्या पावसाळ्यांत या घरांत जो वाद माजला, त्याची हकीकत त्यांच्या संमतीनें आज आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों. असा वाद हल्लीं अनेक घरांत होत असला पाहिजे, आणि त्याचा निकाल बहुधा ज्याचा आवाज मोठा त्याच्या बाजूनें लागत असला पाहिजे, असें आम्हांस वाटतें.

घरांतील थोरल्या काकूंनीं मुलींच्या एका शाळेंत ३१ वर्षें इतिहास शिकविला. नाईलचा पूर, पिरॅमिड, राजांचीं थडगीं हा धडा त्या दरसाल फळ्यावर नकाशा काढून शिकवीत. पण तो देश त्यांनीं स्वतः कधीं पाहिला नव्हता. निवृत्तीनंतर त्यांनीं आपल्या शिलकींतून काकांची व आपली अशा दोन जागा एका सहल-कंपनीकडे नोंदविल्या. कैरो, लक्सर, आस्वान, अबू सिंबेल आणि शेवटीं पश्चिमेकडील वाळवंटांत एका रात्रीचा मुक्काम, असा दहा दिवसांचा कार्यक्रम होता. पैसे भरल्यावर ही वार्ता मुलांस कळली, आणि त्याच रात्रीं जेवणें झाल्यावर धाकट्या मुलानें एका परकीय सरकारचा इशारा सर्वांस वाचून दाखविला. इजिप्तमध्यें दहशतवादी हल्ले होण्याचा संभव आहे, असें त्यांत म्हटलें होतें.

पूर्वीं घरचीं वडील माणसें तरुणांस परदेशीं जाऊं देत नसत. आतां मुलें आईबापांस अडवूं लागलीं आहेत. काळाचा हा फेरा गमतीचा खरा, पण त्या रात्रीं त्या घरांत कोणी हंसलें नाहीं. सर्वांत कठोर विरोध पुतण्याचा होता, आणि त्यास कारण होतें. ता. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्रीं तो मुंबईच्या छत्रपति शिवाजी टर्मिनस स्थानकांतून बाहेर पडला आणि पांचदहा मिनिटांनीं आंत गोळीबार सुरू झाला. तो म्हणाला, "काकू, तूं हें वाचलें आहेस, मीं तो आवाज ऐकला आहे. आपल्या गांवांत जें टळत नाहीं त्याला इलाज नाहीं. पण आपण होऊन, पैसे भरून, तसल्या ठिकाणीं कां जायचें ?" काकू निरुत्तर झाल्या. नंतर आणखी एक गोष्ट ठरली : आजीबाईंस यांतलें कांहीं कळूं द्यावयाचें नाहीं, जाणें झालेंच तर 'दोघें रामेश्वरास गेलीं आहेत' असें सांगावयाचें.

दुसऱ्या दिवशीं काका आमच्याकडे आले व त्यांनीं आमचें मत विचारलें. मत देणें सोपें असतें. परंतु ज्या घरचीं माणसें जावयाचीं त्यांनाच त्याचें फळ भोगावें लागतें. म्हणून आम्हीं आधीं त्या देशाविषयीं जी निश्चित माहिती आहे ती एकत्र केली. तिचें सार असें.

पुतण्याची भीति निराधार नव्हती. ता. १७ नोव्हेंबर १९९७ रोजीं सकाळीं लक्सर येथें, नाईलच्या पश्चिम तीरावर, राणी हत्शेपसूत हिच्या मंदिरांत सहा बंदूकधारी शिरले व त्यांनीं ६२ माणसांची हत्या केली. त्यांपैकीं ५८ परदेशी प्रवासी होते. त्यांतहि स्विस लोकांची संख्या सर्वांत अधिक होती. पुढें २००४ ते २००६ या तीन वर्षांत सिनाई द्वीपकल्पाच्या किनाऱ्यावरील ताबा, शर्म अल् शेख व दहाब या प्रवाशांच्या आवडत्या गांवीं स्फोट झाले. ता. ३१ ऑक्टोबर २०१५ रोजीं शर्म अल् शेखहून सेंट पीटर्सबर्गकडे निघालेलें रशियन विमान सिनाईवर हवेंत फुटलें आणि आंतील २२४ माणसांपैकीं एकहि वांचलें नाहीं. डिसेंबर २०१८ मध्यें खुद्द गिझाच्या पिरॅमिडांच्या परिसरांत व्हिएतनामी प्रवाशांच्या बसजवळ स्फोट होऊन तीन प्रवासी व त्यांचा इजिप्शियन मार्गदर्शक असे चौघे दगावले. ऑक्टोबर २०२३ मध्यें अलेक्झांड्रिया येथें एका पोलिसानेंच दोन इस्रायली प्रवाशांस व त्यांच्या स्थानिक मार्गदर्शकास गोळ्या घातल्या.

ही यादी वाचल्यावर कोणाहि सुज्ञ माणसाचा हात पारपत्रावरून मागें सरेल. पण यादी येथेंच संपत नाहीं. ता. २४ नोव्हेंबर २०१७ रोजीं उत्तर सिनाईंत बिर अल् अब्द जवळच्या एका मशिदींत शुक्रवारची प्रार्थना चालू असतां तीनशेंहून अधिक माणसें मारलीं गेलीं. तीं सर्व त्याच मुलखांतील होतीं. हत्याकांड प्रवाशांचें झालें म्हणजे त्याची वार्ता जगभर जाते; पण दहशतीचा भार मुख्यतः त्या देशच्या लोकांनींच वाहिलेला असतो. लक्सरच्या घटनेनंतर तेथील नावाडी, टांगेवाले व दुकानदार यांचा धंदा बसला. ते कोणाचे शत्रु नव्हते. आपल्यासारखेच पोटासाठीं राबणारे होते. 'तो देशच तसा' असें आपण सहज म्हणून जातों, तेव्हां मारणारा आणि मरणारा या दोघांस आपण एकाच तागडींत घालतों.

आतां नकाशाकडे पाहूं. इजिप्तचें क्षेत्रफळ सुमारें दहा लक्ष चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या तिपटीहून अधिक आहे. ज्या मशिदींत तो अनर्थ घडला ती लक्सरपासून सरळ रेषेंत सुमारें सहाशें किलोमीटर दूर; पुण्याहून नागपूर जितकें तितकीच. म्हणूनच निरनिराळ्या देशांचीं सरकारें इजिप्तविषयीं सरसकट 'जाऊं नका' असें म्हणत नाहींत. उत्तर सिनाई, लिबियाच्या सरहद्दीलगतचा पट्टा व पश्चिमेकडील वाळवंट यांविषयीं त्यांचा इशारा कडक असतो. कैरो व नाईलच्या कांठचीं प्राचीन स्थळें यांविषयीं केवळ सावधगिरीचा असतो. २०२४ सालीं दीड कोटीहून अधिक परदेशी प्रवासी त्या देशांत गेले. धाकट्या चिरंजीवांनीं इशाऱ्याचें पहिलें वाक्य वाचून दाखविलें, पण त्याखालचा नकाशा दाखविला नाहीं. आम्हांस वाटतें, दहांतलीं नऊ घरें येथेंच चुकतात : कोणी भिऊन सर्व देश वगळतो, तर कोणी 'इतके लोक जातात, आपल्यालाच काय होतें' म्हणून सर्व देश निर्धास्तपणें फिरतो. दोघेहि नकाशा पाहत नाहींत.

मात्र जागा पाहिली म्हणजे काम संपलें असेंहि नाहीं. १९९७ चें लक्सर व २०१८ चें गिझा हीं नकाशावर निर्धास्त दिसणारींच स्थळें होतीं. म्हणून जागेबरोबर वेळहि पाहावी लागते. इशारा कोणत्या तारखेचा आहे, गेल्या सहा महिन्यांत तो कडक झाला कीं सैल झाला, शेजारच्या देशांत युद्ध पेटलें आहे काय, विमानमार्ग बंद होण्याचा संभव आहे काय, हें निघण्याच्या आदल्या आठवड्यापर्यंत पाहत राहिलें पाहिजे. पैसे भरले म्हणून जावयाचें, हा विचार सर्वांत घातक. भरलेल्या पैशांचा मोह भल्याभल्यांची मति फिरवितो.

पुतण्याच्या बोलण्यांत 'तसल्या ठिकाणीं' हे दोन शब्द होते. ते आमच्या मनांत फार दिवस राहिले. ज्या रात्रीं तो त्या स्थानकांतून वांचून बाहेर पडला, त्या रात्रींपासून कांहीं काळ आमची मुंबई हीच जगाच्या दृष्टीनें 'तसली' जागा झाली होती. त्या हल्ल्यांत १६६ माणसें गेलीं. त्यांतील ५८ केवळ त्या स्थानकावर, बहुतेक गांवीं जाण्यासाठीं गाडीची वाट पाहत बसलेलीं. परदेशच्या सरकारांनीं प्रवासाविषयीं इशारे काढले. इंग्लंडचा क्रिकेट संघ दौरा अर्धवट टाकून मायदेशीं परतला. पण तोच संघ थोड्याच दिवसांत परत आला व डिसेंबरांत चेन्नई आणि मोहाली येथें दोन कसोटी सामने खेळला. ते आले याचें त्या वेळीं आपणां सर्वांस केवढें समाधान वाटलें होतें ! त्यांनीं डोळे मिटून धाडस केलें नाहीं. सामन्यांच्या जागा पाहिल्या, बंदोबस्त तपासला, आणि मग आले. पुढें ता. १३ फेब्रुवारी २०१० रोजीं पुण्यांतील जर्मन बेकरीच्या स्फोटांत १७ माणसें गेलीं. ता. २२ एप्रिल २०२५ रोजीं काश्मिरांत पहलगामजवळ बैसरणच्या कुरणावर २६ जणांस ठार केलें. त्यांत सहा महाराष्ट्रांतील होते. सुटींत मुलांबाळांसह गेलेल्या त्या माणसांनीं अविचार केला, असें म्हणण्याची छाती कोणास होईल ? घरीं राहणें म्हणजे सुरक्षितता नव्हे, तसेंच बाहेर पडणें म्हणजे शौर्यहि नव्हे.

काका-काकूंच्या कार्यक्रमाचा कागद आम्हीं बारकाईनें वाचला, तेव्हां त्यांत दोन गोष्टी आढळल्या. त्यांकडे त्या घरांत कोणाचेंच लक्ष गेलें नव्हतें. पहिली, तो वाळवंटांतील मुक्काम. सप्टेंबर २०१५ मध्यें त्याच पश्चिम वाळवंटांत फराळासाठीं थांबलेल्या मेक्सिकन प्रवाशांच्या तुकडीवर इजिप्तच्या सुरक्षादलानेंच, दहशतवादी समजून, हल्ला केला; प्रवासी व त्यांचे स्थानिक सोबती मिळून १२ जण प्राणांस मुकले. सरकारचें म्हणणें, तें क्षेत्र बंद होतें; मार्गदर्शकांच्या बाजूचें म्हणणें, परवानगी होती. वाद कोणाचाहि खरा असो, गेलेलीं माणसें परत आलीं नाहींत. ज्या मुलखांत बंडखोरांचा वावर असतो तेथें रक्षणकर्त्याच्या चुकीचेंहि भय असतें. 'आमचा माणूस सर्व पाहून घेईल' हें सहल-कंपनीचें आश्वासन म्हणजे परवानगी नव्हे. लेखी परवानगी कोणाची व कोणत्या रस्त्याची, हें विचारलें पाहिजे.

दुसरी गोष्ट दहशतवादाशीं संबंध नसलेली. लक्सर येथें पहाटे गरम हवेच्या फुग्यांतून फिरावयाचें, असें कार्यक्रमांत होतें. फेब्रुवारी २०१३ मध्यें तेथेंच असला एक फुगा पेटून कोसळला व १९ प्रवासी मरण पावले. बंदुकीच्या भयानें ज्या घरांत चार रात्री झोंप नव्हती, त्या घरानें फुग्याची ओळ हौसेनें वाचली होती ! भय हें असें असतें. जें वर्तमानपत्रांत मोठ्या अक्षरांत येतें त्याकडे तें धांवतें. रस्त्यावरचे अपघात, उन्हाचा तडाखा, हृदयविकाराच्या माणसास वेळेवर न मिळालेलें औषध, यांनीं परदेशीं कितीतरी प्रवासी दगावतात. पण त्यांविषयीं कोणतेंहि घर रात्रभर बैठक भरवीत नाहीं.

येथें एक भेद सांगून ठेवणें अवश्य आहे. काकूंचा प्रवास हौसेचा होता. त्यांस 'नको' म्हणण्याची मोकळीक होती. पोटासाठीं जाणाऱ्यास ती नसते. जून २०१४ मध्यें इराकांतील मोसूल शहर दहशतवाद्यांच्या हातीं पडलें तेव्हां तेथें मजुरीस गेलेले ३९ भारतीय पकडले गेले. ते मारले गेल्याचें आपल्या सरकारनें मार्च २०१८ मध्यें जाहीर केलें. चार वर्षें त्यांच्या घरचीं माणसें दाराकडे डोळे लावून होतीं. म्हणून ज्यांचीं मुलें नोकरीनिमित्त अशा देशांत जात असतील त्यांनीं पगाराचा आंकडा विचारण्यापूर्वीं, प्रसंग आल्यास परत कोण आणणार, तें करारांत लिहिलें आहे काय, आणि पारपत्र कोणाच्या ताब्यांत राहणार, हे तीन प्रश्न विचारावे.

आम्हीं काकांस दिलेला सल्ला थोडक्यांत असा होता. वाळवंट व फुगा हे दोन्ही वगळावे. विमापत्र स्वतः वाचावें. दहशतवादी कृत्यामुळें झालेलें नुकसान कित्येक विम्यांतून वगळलेलें असतें, आणि सरकारनें मना केलेल्या भागांत गेल्यास कित्येक विमे निरुपयोगी होतात. प्रवासाची नोंद आपल्या परराष्ट्र मंत्रालयाकडे करावी. कैरो येथील भारतीय वकिलातीचा क्रमांक व तेथील पर्यटन पोलिसांचा १२६ हा क्रमांक खिशांतील कागदावर लिहावा, केवळ मोबाइलमध्यें नको. रोजचीं औषधें आठवडाभर पुरतील इतकीं अधिक घ्यावीं, कारण हल्ल्यानंतर विमानें खोळंबतात. पोलीस-चौकीचें व सैनिकांचें छायाचित्र काढूं नये. जमाव दिसल्यास पाहावयास थांबूं नये; आणि स्फोट झालाच तर मदतीच्या किंवा कुतूहलाच्या ओढीनें तेथें न रेंगाळतां दूर जावें, कारण कित्येकदां दुसरा स्फोट जमलेल्या गर्दीसाठींच ठेवलेला असतो. घरच्यांनींहि एक नियम पाळावा : वाईट वार्ता आली तर दहा जणांनीं दहा फोन करूं नयेत, प्रवाशानें एकाच क्रमांकावर 'सुखरूप' एवढा शब्द पाठवावा व त्या एकानें इतरांस कळवावें.

शेवटची सूचना अशी केली कीं, हें सर्व आजीबाईंस सांगावें. ती कोणास रुचली नाहीं. पण शेजारच्या एका बाईंनीं देवळांत सहज विचारलें, आणि रामेश्वराचें बिंग फुटलें. आजीबाई त्या दिवशीं जेवल्या नाहींत. रात्रीं त्यांनीं सर्वांस बोलावून म्हटलें, "माझ्या जिवाला घोर नको म्हणून खोटें सांगणार होतां. उद्यां तिकडे कांहीं बरेंवाईट झालें असतें, तर मी इथें रामेश्वराच्या नांवानें निरांजन लावीत बसलें असतें. तें चाललें असतें का रे तुम्हांला ?" कोणी उत्तर दिलें नाहीं. मग त्यांनीं काकूंस विचारलें, "कुठल्या गांवीं उतरणार ? तें गांव कसें आहे ? रात्रीचा प्रवास आहे का ? दुखलंखुपलं तर कोण ?" जे प्रश्न आम्हीं नकाशे पाहून काढले होते, तेच त्या म्हाताऱ्या बाईंनीं न शिकतां विचारले. तरुणपणीं त्यांनीं गोडसे भटजींचें 'माझा प्रवास' वाचलें होतें. १८५७ च्या बंडाच्या धामधुमींत सांपडून, झांशीचा वेढा पाहून, तो कोंकणांतला ब्राह्मण गंगेची कावड घेऊन घरीं परतला, हें त्यांस चांगलें आठवत होतें. त्या म्हणाल्या, "त्यांच्या घरच्यांना हा जिवंत आहे कीं नाहीं एवढंसुद्धां ठाऊक नसेल. तुमच्याजवळ फोन आहे. तो रोज करायचा, आणि मला खरं तेंच सांगायचं."

हिंवाळ्यांत दोघें जाऊन आलीं. पुतण्यानें विरोध सोडला नाहीं. पण मुक्कामाच्या जागा, तारखा व क्रमांक यांचा कागद त्यानेंच तयार करून दिवाणखान्यांतील भिंतीवर चिकटविला. रोज रात्रीं नऊ वाजतां फोन येई व तो आजीबाईंच्या हातीं प्रथम दिला जाई. अबू सिंबेलच्या दिवशीं फोन दोन तास उशिरा आला. ते दोन तास त्या घरांत कोणी कोणाशीं बोललें नाहीं. तिकडे नुसता फोनचा संपर्क तुटला होता. हत्शेपसूतच्या मंदिराच्या चढणीवर उभ्या राहून काकूंनीं त्या ६२ जीवांस हात जोडले, असें त्यांनीं परत आल्यावर सांगितलें. फळ्यावर इतकीं वर्षें काढलेली ती नदी प्रत्यक्ष किती रुंद आहे, तेंहि सांगितलें.

परतल्यानंतर पुतण्या आम्हांस भेटला, तेव्हां आम्ही थोडे थट्टेनें म्हणालों, 'काय, काकू आल्या ना सुखरूप ?' तो गंभीरपणें म्हणाला, "आल्या, फार बरं झालं. पण त्या परत आल्या म्हणून माझी भीति चूक होती, असं ठरत नाहीं."

त्याचें म्हणणें आम्हांस अक्षरशः मान्य आहे. सुखरूप परत येणें हा निर्णय बरोबर असल्याचा पुरावा नव्हे, जसा अपघात हा निर्णय चुकल्याचा पुरावा नव्हे. जागा पाहिली काय, वेळ पाहिली काय, जाणाऱ्यानें समजून उमजून पाऊल टाकलें काय, आणि घरांतील प्रत्येकास खरें तेंच सांगितलें काय, एवढेंच माणसाच्या हातीं आहे. तेवढें करून कोणी 'नको' म्हटलें तर त्यास भित्रा म्हणूं नये, आणि कोणी 'जातों' म्हटलें तर त्यास अविचारी म्हणूं नये, अशी आमची वाचकांस विनंति आहे.